बर्लिनमधील मूर्ती आणि सगळीकडची फाइल: नेफरतितीच्या त्रिमितीय प्रतीचे प्रकरण

डिसेंबर २०१५ च्या अखेरीस जर्मनीतील हॅम्बुर्ग शहरात संगणक-हॅकरांचा वार्षिक मेळावा भरला होता. त्या मेळाव्यात नोरा अल-बद्री आणि यान निकोलाई नेलेस या दोन कलावंतांनी एक फाइल जाहीर केली. बर्लिनच्या नॉयेस म्युझियममध्ये ठेवलेल्या, प्राचीन इजिप्तच्या नेफरतिती राणीच्या अर्धपुतळ्याची ती त्रिमितीय प्रत होती, आणि जगातल्या कोणालाही ती विनामूल्य उतरवून घेता येत होती. ऑक्टोबर महिन्यात आपण साधे प्रेक्षक म्हणून संग्रहालयात गेलो, व्हिडिओ गेमसाठी बनवलेले कायनेक्ट हे अंतर मोजणारे उपकरण गळ्यातल्या स्कार्फखाली लपवले आणि काचेच्या पेटीभोवती फिरत मूर्तीचे मापन केले, असे त्यांचे म्हणणे होते. या कृतीला त्यांनी 'दुसरी नेफरतिती' असे नाव दिले. याच फाइलवरून घडवलेली एक प्रतिकृती त्यांनी कैरोत प्रदर्शित केली आणि मूळ मूर्ती जिथून नेली गेली त्या देशाला आपण तिची प्रत परत करत आहोत, अशी त्यामागची भूमिका मांडली.

मार्च २०१६ मध्ये वृत्तपत्रांनी ही बातमी उचलली आणि काही दिवसांतच ती जगभर पसरली. वसाहतवादी लुटीला तरुण कलावंतांनी दिलेले उत्तर म्हणून अनेकांनी तिचे कौतुक केले. पुढे चार वर्षांत या प्रकरणाने जी वळणे घेतली, ती मात्र त्या पहिल्या कौतुकापेक्षा अधिक बोधप्रद आहेत. सुमारे ३३०० वर्षांपूर्वीची एक चुनखडीची मूर्ती, तिच्या पृष्ठभागाची मोजमापे साठवलेला एक डेटा आणि त्या मोजमापांवर कोणाचा हक्क चालतो हा प्रश्न, अशा तीन गोष्टी या प्रकरणात एकमेकींत गुंतलेल्या आहेत. या सगळ्या काळात मूर्ती आपल्या जागेवरून हललेली नाही. हलली ती तिच्या प्रतीवरची संग्रहालयाची मक्तेदारी, आणि तीही कलावंतांच्या धाडसापेक्षा एका अर्जदाराच्या चिकाटीमुळे.

मूर्ती बर्लिनला कशी गेली

मध्य इजिप्तमध्ये नाईलच्या पूर्व काठावर टेल एल-अमार्ना हे ठिकाण आहे. चौदाव्या शतकात, म्हणजे अर्थातच इसवी सनापूर्वीच्या, नेफरतितीचा पती आणि इजिप्तचा फेरो, म्हणजे राजा, अखेनातेन याने तिथे आखेतातेन नावाची नवी राजधानी वसवली होती. त्याच्या मृत्यूनंतर काही वर्षांतच ती ओस पडली. या ओसाड शहरात लुडविग बोर्खार्ट यांच्या नेतृत्वाखालील जर्मन पथक उत्खनन करत असताना ६ डिसेंबर १९१२ रोजी थुतमोस नावाच्या शिल्पकाराच्या कार्यशाळेत ही मूर्ती मोहम्मद अहमद अस-सेनुसी या मुकादमाच्या हाती लागली. मूर्ती जेमतेम अर्धा मीटर उंच, वजनाला सुमारे २० किलो. आत चुनखडीचा गाभा, त्यावर गिलाव्याचे थर आणि त्यावर रंग. उजव्या डोळ्यात स्फटिक बसवलेला आहे, डावा डोळा रिकामा आहे. बोर्खार्ट यांनी त्या हरवलेल्या डोळ्यासाठी बक्षीसही लावले होते, पण तो सापडला नाही. वर्णन करून काही उपयोग नाही, पाहायलाच हवी, अशा अर्थाचे वाक्य त्यांनी आपल्या दैनंदिनीत लिहिले. पुढच्या शंभर वर्षांत या मूर्तीबद्दल जे काही झाले, त्याचे बीज या वाक्यात आहे असे म्हणायला हरकत नाही, कारण मूर्ती 'पाहण्याचा' हक्क हाच पुढे वादाचा विषय झाला.

त्या काळच्या इजिप्तमध्ये उत्खननातील वस्तूंची वाटणी करण्याची पद्धत होती. उत्खनन करणाऱ्याने दोन वाटे करायचे आणि पुरातत्त्व खात्याने त्यांतला एक निवडायचा. मात्र हे पुरातत्त्व खाते इजिप्तचे असले तरी फ्रेंच अधिकाऱ्यांच्या हाती होते आणि देशावर ताबा ब्रिटिशांचा होता, हेही ध्यानात ठेवायला हवे. २० जानेवारी १९१३ रोजी गुस्ताव लफेव्र या फ्रेंच अधिकाऱ्याने वाटणी केली. एका वाट्यात अखेनातेन, नेफरतिती आणि त्यांच्या मुली यांचे चित्रण असलेली रंगीत शिला होती, दुसऱ्यात हा अर्धपुतळा. शिला कैरोकडे राहिली आणि पुतळा जर्मनांकडे गेला. या वाटणीच्या वेळी बोर्खार्ट यांनी मूर्ती जर्मनीलाच मिळावी म्हणून तिचे फारसे आकर्षक नसलेले छायाचित्र दाखवले आणि तिची घडण साध्या गिलाव्याची असल्याचे भासवले, असे सूचित करणारे १९२४ सालचे एक टिपण २००९ मध्ये उजेडात आले. बर्लिनची बाजू अशी की वाटणी कायदेशीर होती आणि अधिकाऱ्याला वस्तू प्रत्यक्ष पाहण्याची संधी होती. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात. कायद्याच्या चौकटीत राहूनही समोरच्याला अंधारात ठेवता येते, हे जमिनीच्या वाटण्या पाहिलेल्या कोणत्याही माणसाला निराळे सांगावे लागणार नाही.

उत्खननाचा खर्च जेम्स सायमन या बर्लिनच्या कापड व्यापाऱ्याने केला होता, त्यामुळे मूर्ती आधी त्याच्या घरी पोहोचली. १९२० मध्ये त्याने ती प्रशियाच्या संग्रहालयाला दान केली आणि १९२४ मध्ये ती प्रथम लोकांसमोर ठेवली गेली. ती पाहताच इजिप्तने परत मागितली. १९३० मध्ये खुद्द सायमननेच मूर्ती परत देण्याच्या बाजूने जाहीर पत्र लिहिले, ही गोष्ट या वादात फार कमी वेळा सांगितली जाते. १९३३ मध्ये नाझी नेता गोरिंगने ती इजिप्तचा राजा फुआदला देण्याचा विचार चालवला होता, तो हिटलरने मोडून काढला. ज्यू असलेल्या सायमनचे नाव मात्र त्याच राजवटीत संग्रहालयातून पुसले गेले. युद्धात मूर्ती बँकेच्या तिजोरीत, विमानविरोधी मनोऱ्यात आणि शेवटी थुरिंजियातील मेर्कर्सच्या मिठाच्या खाणीत लपवली गेली, तिथून ती अमेरिकी सैन्याच्या हाती आली आणि १९५६ मध्ये पश्चिम बर्लिनला परतली. तेव्हा पूर्व जर्मनीनेही तिच्यावर हक्क सांगितला होता, कारण तिचे मूळ संग्रहालय बर्लिनच्या त्यांच्या भागात होते. ऑक्टोबर २००९ मध्ये दुरुस्त केलेल्या नॉयेस म्युझियममध्ये तिला कायमची जागा मिळाली. जानेवारी २०११ मध्ये झाही हवास यांच्या नेतृत्वाखालील इजिप्तच्या पुरातत्त्व परिषदेने पुन्हा मागणी केली आणि बर्लिनने ती पुन्हा नाकारली.

प्रतींची जुनी परंपरा

डिजिटल प्रत ही या मूर्तीची पहिली प्रत नव्हे. मूर्ती बर्लिनला पोहोचली त्याच वर्षी, १९१३ मध्ये, सायमनने टिना हाइम या शिल्पकार स्त्रीकडून तिच्या प्रतिकृती करून घेतल्या आणि त्यांतली एक जर्मन सम्राट कैसर दुसऱ्या विल्हेल्मला भेट दिली. म्हणजे सामान्य लोकांनी मूळ मूर्ती पाहण्याच्या दहा-अकरा वर्षे आधीच तिची नक्कल राजवाड्यात पोहोचली होती. बर्लिनच्या संग्रहालयांची स्वतःची साचेकाम कार्यशाळा १८१९ पासून चालते आणि तिथे नेफरतितीच्या प्रतिकृती आजही हाताने रंगवून विकल्या जातात. त्यांतल्या उत्तम प्रतींची किंमत हजारो युरोंत जाते.

इजिप्तमध्येही हा चेहरा पूर्वीपासून घरोघरी पोहोचलेला आहे. अमार्ना ज्या मिन्या प्रांतात येते त्या प्रांताच्या मानचिन्हावर नेफरतिती आहे, पाच पियास्त्रांच्या नोटेवर नेफरतिती आहे. सप्टेंबर २०१२ मध्ये कैरोतील मोहम्मद महमूद रस्त्यावर एल झेफ्ट या नावाने काम करणाऱ्या भित्तिचित्रकाराने विषारी वायूपासून बचाव करणारा मुखवटा घातलेली नेफरतिती रंगवली. इजिप्तच्या उठावातील स्त्रियांना वाहिलेले ते चित्र भिंतीवरून समाजमाध्यमांवर आले आणि तिथून लैंगिक छळाविरुद्धच्या निदर्शनांत फलकांवर पोहोचले. माझ्या मते नेफरतितीच्या आजवरच्या सर्व आधुनिक रूपांत हे सर्वांत समर्थ रूप आहे, कारण त्यात तिच्या सौंदर्याला काही काम दिलेले आहे. त्यानंतरची रूपे अधिक गाजली. २०१७ मध्ये रिहाना ही गायिका एका अरबी फॅशन मासिकाच्या मुखपृष्ठावर निळा मुकुट घालून झळकली आणि २०१८ मध्ये बियॉन्सेने कोचेला महोत्सवात नेफरतितीची आठवण करून देणारा पोशाख केला. मानेची आणि जबड्याची रेषा उठावदार करणाऱ्या बोटॉक्सच्या एका उपचारालाही सौंदर्यतज्ज्ञांनी तिचेच नाव दिलेले आहे.

या लोकप्रियतेचा एक विनोदी पुरावा या प्रकरणाच्या अगदी तोंडावर मिळाला. जुलै २०१५ मध्ये मिन्या प्रांतातील समालूत शहराच्या वेशीवर नेफरतितीचा नवा पुतळा बसवण्यात आला, आणि तो इतका बेढब होता की इजिप्शियन लोकांनी समाजमाध्यमांवर त्याची मनसोक्त टर उडवली. राणीची तुलना फ्रँकेनस्टाइनच्या राक्षसाशी झाली. अधिकाऱ्यांना तो पुतळा काही दिवसांतच काढावा लागला आणि त्याच्या जागी शांततेचे कबूतर बसवण्याचे जाहीर झाले. हसू येते खरे, पण यातला एक धागा गंभीर आहे. ज्या जिल्ह्यातून ही मूर्ती निघाली, तिथल्या कारागिराला तिची नक्कल करण्यासाठी हाताशी अचूक मापे नव्हती, आणि अचूक मापे बर्लिनमधल्या एका संगणकात तेव्हाही पडून होती.

त्यात भर म्हणजे नॉयेस म्युझियमच्या ज्या घुमटाकार दालनात मूर्ती ठेवली आहे, तिथे प्रेक्षकांना छायाचित्र काढण्याची मनाई आहे. लोक शेजारच्या दालनातून मोबाइल रोखून फोटो काढतात, तो भाग वेगळा. परंतु जगातल्या सर्वाधिक परिचित चेहऱ्यांपैकी एका चेहऱ्यासमोर उभे राहून त्याचे छायाचित्र घेता येत नाही, ही वस्तुस्थिती 'दुसरी नेफरतिती'ला मिळालेल्या स्वागताचे अर्धे स्पष्टीकरण आहे.

दाव्याची तपासणी

फाइल जाहीर झाल्यावर काही आठवड्यांतच त्रिमितीय मापनाचे काम जाणणाऱ्या लोकांना शंका येऊ लागल्या. त्यांचा मुद्दा राजकीय नव्हता, निव्वळ तांत्रिक होता. कायनेक्ट हे उपकरण खोलीत नाचणाऱ्या माणसाचे हातपाय कुठे आहेत हे ओळखण्यासाठी बनवलेले आहे. त्याचे जुने रूप अवरक्त किरणांचे ठिपके समोर फेकते आणि ते कसे विस्कळीत झाले यावरून अंतर काढते. त्याची अचूकता फार तर काही मिलिमीटरांची असते, काचेवरून किरण परावर्तित झाले की मापन बिघडते, आणि चांगले मापन हवे असेल तर उपकरणाची नजर वस्तूवरून क्षणभरही ढळता कामा नये. कलावंतांनी दाखवलेल्या चित्रफितीत तर ते उपकरण स्कार्फच्या आत-बाहेर होताना दिसत होते. उलट त्यांनी जाहीर केलेल्या फाइलमध्ये कानाच्या मोडतोडीच्या कडा आणि मुकुटावरचे बारीक टवके इतके स्पष्ट होते की ते अशा उपकरणाने टिपले जाणे शक्य नव्हते.

मग ती फाइल आली कुठून? कॉस्मो वेनमन हे अमेरिकी कलावंत संग्रहालयांतील शिल्पांच्या मुक्त त्रिमितीय प्रतींसाठी काम करतात. त्यांनी असे प्रतिपादन केले की ही फाइल संग्रहालयासाठी ट्रायगॉनआर्ट या बर्लिनच्या कंपनीने पूर्वी केलेल्या व्यावसायिक स्कॅनवरून आलेली असावी. इतर जाणकारांनीही तसाच निष्कर्ष काढला. अल-बद्री आणि नेलेस यांनी या शंकांचे निरसन होईल असे तांत्रिक स्पष्टीकरण कधी दिले नाही. त्यांच्या दृष्टीने तपशिलापेक्षा कृतीचा अर्थ महत्त्वाचा होता. कलाकृती म्हणून ही भूमिका समजण्यासारखी आहे. मात्र पुरातत्त्वाच्या क्षेत्रात एखादी वस्तू कुठून आली, कोणाच्या हातून आली, याची नोंद हाच तिच्या विश्वासार्हतेचा पाया असतो, आणि बोर्खार्ट यांच्यावरचा मुख्य आक्षेपही नोंदीतल्या लपवाछपवीचाच आहे. त्या लपवाछपवीचा निषेध करणाऱ्या कृतीने स्वतःचा उगम झाकून ठेवावा, हे मला खटकते.

वेनमन यांना त्यातून दुसराच प्रश्न सुचला. संग्रहालयाकडे उत्तम स्कॅन आहे हे जर उघड झाले, तर तो सरळ मागून का घेऊ नये?

माहितीच्या अधिकाराचा अर्ज

बर्लिनची ही संग्रहालये प्रशियन सांस्कृतिक वारसा प्रतिष्ठान या सार्वजनिक संस्थेकडे आहेत. ती सार्वजनिक असल्यामुळे तिला जर्मनीचा माहिती स्वातंत्र्याचा कायदा लागू पडतो. हा कायदा तिथे जानेवारी २००६ मध्ये अमलात आला, म्हणजे आपल्याकडचा माहिती अधिकाराचा कायदा लागू झाल्यानंतर अवघ्या काही महिन्यांनी. वेनमन यांनी या कायद्याखाली अर्ज करून नेफरतितीच्या अर्धपुतळ्याचा संपूर्ण रंगीत स्कॅन मागितला. अर्जदार परदेशी असला तरी या कायद्याने अडचण येत नाही, आणि मागितलेली गोष्ट कागदपत्र नसून मोजमापांचा डेटा असला तरी तीही 'माहिती'च ठरते.

यापुढचा पत्रव्यवहार महाराष्ट्रातल्या कोणत्याही अनुभवी अर्जदाराला ओळखीचा वाटेल. स्कॅन आमच्याकडे आहे हे प्रतिष्ठानाने मान्य केले, पण तो दिल्यास आमच्या व्यावसायिक हितसंबंधांना बाधा येईल, असे उत्तर दिले. एका टप्प्यावर तर वेनमन यांना लॉस एंजेलिसच्या जर्मन वाणिज्य दूतावासात, अधिकाऱ्यांच्या देखरेखीखाली, तो डेटा केवळ पाहण्याची मुभा देण्यात आली. फाइल म्हणजे काही तांब्याचा पट नव्हे की समोर उभे राहून वाचून घ्यावा. लाखो बिंदूंची मोजमापे डोळ्यांनी पाहून कोणाला काय उपयोग होणार? वेनमन यांनी जर्मन वकिलामार्फत पाठपुरावा चालू ठेवला आणि व्यावसायिक हानीचा दावा आकड्यांत मांडण्याची मागणी केली. तेव्हा प्रतिष्ठानाकडून जे उत्तर आले ते या संपूर्ण प्रकरणातले सर्वांत बोलके उत्तर आहे. वेनमन यांनी प्रसिद्ध केलेल्या तपशिलानुसार, या स्कॅनमधून दहा वर्षांत मिळालेले उत्पन्न ५००० युरोंपेक्षाही कमी होते.

या आकड्यापाशी जरा थांबायला हवे. डेटा न देण्याचे कारण पैसा हे सांगितले गेले, आणि पैसा जवळजवळ नव्हताच. साचेकाम कार्यशाळेच्या महागड्या प्रतिकृतींचा धंदा बुडेल ही भीती असू शकते, पण हाताने रंगवलेली प्रतिकृती घेणारा ग्राहक आणि घरच्या यंत्रावर प्लास्टिकचा पुतळा छापणारा विद्यार्थी हे एकाच बाजारातले गिऱ्हाईक नव्हेत. माझा तर्क असा की इथे जपायचे होते ते उत्पन्न नव्हतेच. ज्याच्या ताब्यात वस्तू, त्याचीच तिच्या प्रत्येक रूपावर परवानगी, ही शंभर वर्षांची सवय जपायची होती. ज्या मूर्तीच्या मालकीवर शंभर वर्षे वाद चालू आहे, तिच्या बाबतीत अशी सवय अधिक घट्ट व्हावी हेही स्वाभाविक आहे.

सुमारे तीन वर्षांच्या पत्रव्यवहारानंतर प्रतिष्ठानाने अखेर स्कॅन एका पेन ड्राइव्हवर घालून वेनमन यांच्या हवाली केला. नोव्हेंबर २०१९ मध्ये त्यांनी तो सर्वांसाठी खुला केला. योगायोग असा की त्याच वर्षी जुलैमध्ये बर्लिनच्या संग्रहालय बेटावरची नवी प्रवेश इमारत उघडली आणि तिला जेम्स सायमन यांचे नाव देण्यात आले.

हक्काचा प्रश्न

मिळालेल्या फाइलमध्ये एक गोष्ट अशी होती जी मूळ मूर्तीवर नाही. डिजिटल मूर्तीच्या तळाशी क्रिएटिव्ह कॉमन्सच्या एका परवान्याचा मजकूर कोरलेला होता. श्रेय द्या, व्यापारी वापर करू नका, आणि याच अटींवर पुढे द्या, असा त्या परवान्याचा आशय आहे. आता असा परवाना देण्यासाठी देणाऱ्याकडे कॉपीराइट असावा लागतो. थुतमोसच्या शिल्पावर कोणाचाच कॉपीराइट नाही, हे तर निर्विवाद आहे. मग स्कॅनवर तो निर्माण होतो का? अचूक स्कॅनचे सारे कौशल्य स्वतःकडून काहीही न घालण्यात असते. ज्या कामात कर्त्याचे स्वतःचे काही दिसले तर ते काम फसले असे मानले जाते, त्या कामावर 'मौलिक निर्मिती' म्हणून हक्क सांगणे अवघड आहे.

जर्मन कायद्यात मात्र साध्या छायाचित्रालाही, त्यात कलात्मक मौलिकता नसली तरी, काही संरक्षण होते. डिसेंबर २०१८ मध्ये जर्मनीच्या सर्वोच्च दिवाणी न्यायालयाने मानहाइमच्या एका संग्रहालयाच्या बाजूने असाच निर्णय दिला होता. तिथे मुद्दा जुन्या चित्रांच्या छायाचित्रांचा होता. पुढच्याच वर्षी युरोपीय संघाने कॉपीराइटविषयक नवा निर्देश काढला. संरक्षणाची मुदत संपलेल्या दृश्यकलाकृतीची निव्वळ नक्कल कॉपीराइटला पात्र ठरणार नाही, असे त्याच्या कलम १४ मध्ये म्हटलेले आहे. जर्मनीने ते कलम जून २०२१ पासून आपल्या कायद्यात आणले. वेनमन यांना फाइल मिळाली ती या बदलाच्या आधी, त्यामुळे त्यांच्या यशाचे श्रेय या निर्देशाला देता येत नाही. परंतु तळाशी कोरलेल्या परवान्याला जी काही कायदेशीर ताकद होती, तीही त्यानंतर फारशी उरली नाही.

इजिप्तची बाजू इथे गृहीत धरली जाते तितकी सरळ नाही. २००७ च्या अखेरीस हवास यांनी पिरॅमिड, स्फिंक्स आणि इजिप्तच्या प्राचीन वस्तूंच्या हुबेहूब व्यापारी प्रतिकृतींवर इजिप्तला शुल्क मिळावे यासाठी कायदा करण्याचे जाहीर केले होते. म्हणजे मूर्ती कुठे असावी याबाबत कैरो आणि बर्लिन हे दोन ध्रुव असले, तरी प्रतींवर मालकाचा अंमल असावा याबाबत दोघांचे एकमत होते. फाइल खुली होण्याने इजिप्तच्या मागणीचे समाधानही झाले नाही, आणि होणेही नव्हते. २०२४ मध्ये हवास यांनी मूर्ती परत मिळावी म्हणून ऑनलाइन स्वाक्षरी मोहीम सुरू केली. प्रत मिळाली म्हणून मूळ वस्तूवरचा दावा सोडावा, असे कोणताही वारसदार म्हणणार नाही. बर्लिनचा एक नेहमीचा युक्तिवाद मूर्ती प्रवासासाठी फार नाजूक आहे असा असतो. त्याच संग्रहालयांनी डिसेंबर २०२३ मध्ये मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात उघडलेल्या प्राचीन शिल्पांच्या प्रदर्शनात भाग घेतला होता, तेव्हा शिल्पे प्रवास करू शकतात याचा अनुभव मुंबईकरांनीही घेतला. गिलाव्याचे थर चढवलेली ही मूर्ती दगडी शिल्पांहून नाजूक आहे हे खरे असले, तरी नकाराचे सगळे ओझे तेवढ्याच कारणावर टाकता येत नाही. २००३ मध्ये दोन हंगेरियन कलावंतांना व्हेनिसच्या कलाप्रदर्शनासाठी हाच पुतळा काही काळ एका ब्राँझच्या धडावर बसवू दिला गेला होता, आणि त्यावरून इजिप्तने तीव्र निषेध नोंदवला होता.

राणी कुठे राहिली

या सगळ्या गदारोळात जिचा हा चेहरा, तिच्याविषयी किती बोलले गेले? फारच थोडे. नेफरतिती या नावाचा अर्थ 'सुंदर स्त्री आली आहे' असा होतो, हे प्रत्येक चित्राखाली वाचायला मिळते. तिचे कार्य मात्र क्वचितच. अखेनातेनने आतेन या सूर्यबिंबाची उपासना सर्वांवर स्थापली, त्या धार्मिक उलथापालथीत नेफरतिती केवळ शेजारी उभी राहणारी पट्टराणी नव्हती. कर्नाक येथील आतेनच्या एका मंदिरात पूजा करताना ती आपल्या मुलीसह दिसते आणि फेरो तिथे दिसतच नाही. त्या काळच्या कर्नाकमधील सुट्या चित्रशिलांवर तिची आकृती पतीपेक्षाही अधिक वेळा आढळते. बोस्टनच्या संग्रहालयातील एका शिलेवर ती शत्रूचे केस धरून त्याच्यावर शस्त्र उगारताना कोरलेली आहे. ही मुद्रा एरवी फक्त फेरोची असते. पुढच्या राजांनी, विशेषतः होरेमहेबने, आतेनची मंदिरे पाडून त्यांच्या शिला नव्या दरवाज्यांच्या भिंतींत भराव म्हणून घातल्या, आणि गंमत अशी की त्या भरावानेच त्या जपल्या.

२०१५ मध्येच निकोलस रीव्ह्ज या ब्रिटिश अभ्यासकाने तुतानखामेनच्या थडग्यातील भिंतीमागे नेफरतितीचे दफन असावे, असा तर्क मांडला. ती बातमी जगभर गाजली. २०१८ मध्ये इटालियन पथकाच्या रडार तपासणीत भिंतीमागे कोणतेही दालन नसल्याचा निष्कर्ष निघाला, तो तितका गाजला नाही. याउलट अमार्नाच्या उत्तरेकडील देर अबू हिन्निस येथील दगडखाणीत सापडलेला आणि २०१२ मध्ये अभ्यासकांसमोर आलेला एक पाच ओळींचा पुसट लेख पाहा. अखेनातेनच्या सोळाव्या राज्यवर्षातही नेफरतिती त्याची पट्टराणी होती, असे त्यातून कळते. बाराव्या वर्षानंतर ती मेली किंवा मर्जीतून उतरली, ही पुस्तकांतून पिढ्यानपिढ्या चालत आलेली कथा त्या पाच ओळींनी निकालात काढली. तिच्या इतिहासासाठी इतका मोलाचा पुरावा अलीकडे दुसरा मिळालेला नाही, पण त्यात चेहरा नाही, म्हणून तो कोणी एकमेकांना पाठवत नाही.

चेहऱ्याची गोष्टही दिसते तेवढी सोपी नाही. २००६ मध्ये मूर्तीची सीटी तपासणी झाली आणि तिचे निष्कर्ष २००९ मध्ये प्रसिद्ध झाले. गिलाव्याच्या थराखाली चुनखडीत आणखी एक पूर्ण कोरलेला चेहरा आहे असे त्यात आढळले. त्या आतल्या चेहऱ्यावर तोंडाच्या कडांशी आणि गालांवर सुरकुत्या आहेत, नाकावर किंचित उंचवटा आहे. वरच्या थरात थुतमोसने ते सारे गुळगुळीत करून टाकले. आजच्या भाषेत त्याला फिल्टर म्हणता येईल. वेनमन यांनी मिळवलेली फाइल पृष्ठभागाची आहे, त्यामुळे आतला, वयाच्या खुणा दाखवणारा चेहरा तिच्यात नाही. जगभर छापला जातो तो थुतमोसने लोकांना दाखवण्यासाठी सिद्ध केलेला चेहरा.

फाइल खुली झाल्यापासून तिची प्रत घरच्या यंत्रावर कोणीही काढू शकतो, आणि लोक ती काढतात. कोणी तिचा डावा डोळा भरून पाहतो, कोणी कानांची मोडतोड दुरुस्त करतो, कोणी ती आहे तशीच ठेवतो. तळाशी कोरलेला परवाना त्रिमितीय आकृत्यांच्या कोणत्याही साध्या सॉफ्टवेअरमध्ये काही मिनिटांत कापून टाकता येतो. तो तसाच ठेवून मूर्ती छापली, तर टेबलावर उभी केल्यावर तो दिसत नाही.